रेव्हनस्लॅक घरचा माणूस

कीथली गावात क्लिफर्ड रेव्हनस्लॅकला त्याच्या आडनावाबद्दल विचारण्याची चूक कुणी दुसऱ्यांदा करत नसे. नवखा मात्र हमखास फसायचा. बँकेत, दवाखान्यात, बसच्या रांगेत कुणीतरी म्हणायचं, "हे कुठलं हो आडनाव? कधी ऐकलं नाही." की झालं. मागची माणसं खोळंबली तरी क्लिफर्डचं सुरू. रेव्हन म्हणजे डोमकावळा, स्लॅक म्हणजे डोंगरातली घळ, ती घळ हार्कडेल खोऱ्याच्या पार टोकाला आहे, तिथे आमचं घर होतं, आणि हे नाव समुद्रापलीकडून आलेल्या लोकांनी आठशे वर्षांपूर्वी ठेवलंय, तुमच्या स्मिथ-टेलरांसारखं धंद्यावरून पडलेलं नाही. विचारणारा स्वतःच स्मिथ असला तर आणखी पंचाईत.

अडतीस वर्षं त्याने आमच्या गावात टपाल वाटलं. हजारो आडनावं हाताखालून गेली, पण स्वतःच्या घरचं सोडून दुसऱ्या एकाही पाकिटावर त्याला 'रेव्हनस्लॅक' कधी दिसलं नाही. फोनच्या जाडजूड यादीत ते एकदाच होतं, तेही त्याचंच. याचा त्याला भारी अभिमान, आणि घोरही याचाच. भाऊ नाही, मुलगा नाही, होती ती एक मुलगी, मॅरियन. म्हणजे तो गेला की नाव गेलं. निदान जायच्या आधी ते आलं कुठून हे तरी कागदावर दिसावं, एवढीच त्याची इच्छा होती. एकोणीसशे अडुसष्ट साली निवृत्त झाला आणि त्या इच्छेच्या मागे लागला.

हाताशी होतं ते असं. घराण्यातला सगळ्यात जुना पुरुष म्हणजे अँथनी रेव्हनस्लॅक. सतराशे सत्याण्णव साली त्याचं लग्न कीथलीच्या चर्चमध्ये लागलं, गिरणीत कामाला होता. त्याच्या मागे भिंत. त्याचा बाप कोण, जन्म कुठला, काही नाही. हार्कडेलच्या चर्चच्या जुन्या वह्या काउंटीच्या दप्तरखान्यात ठेवलेल्या, पण त्या इतक्या जीर्ण की हात लावायला बंदी. त्यातल्या एकेका नोंदीची चिठ्ठी करून, आडनावाप्रमाणे लाकडी खणांत लावून ठेवली होती. ते खण सांभाळायच्या मिस पिकर्सगिल, उंच, सडपातळ, आवाज कधी न चढवणाऱ्या. क्लिफर्ड दोन बस बदलून जायचा, 'र'चा खण मागायचा, पहिल्या चिठ्ठीपासून शेवटच्या चिठ्ठीपर्यंत बोट फिरवायचा आणि खण आपटून बंद करायचा. रेव्हनस्लॅक एकही नाही.

"मिस्टर रेव्हनस्लॅक, खण मागच्या महिन्यात होता तसाच आहे," मिस पिकर्सगिल म्हणायच्या. "चिठ्ठ्या काही पिल्लं घालत नाहीत."

"मग तुमच्या माणसांनी लिहिताना गाळली असेल. सरकारी काम."

'र'च्या वरचे चार खण नुसते मेटकाफांचे होते. हार्कडेलमध्ये दगड उचलला तरी खालून मेटकाफ निघतो, असं आम्ही म्हणतो. क्लिफर्डला त्या चार खणांकडे बघूनच चीड यायची. त्याला कारणही होतं. सुरुवातीच्याच वर्षी तो खोऱ्याच्या टोकाला जाऊन रेव्हनस्लॅकचं पडकं घर बघून आला होता. छप्पर गेलेलं, चुलीच्या जागी कुयली वाढलेली. परतताना चर्चच्या आवारात एक थडगं दिसलं: 'जॉन मेटकाफ, राहणार रेव्हनस्लॅक'. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्याने तिथल्या तिथे निकाल लावून टाकला. हे मेटकाफ घुसखोर. आमच्या माणसांना हुसकावलं आणि घर बळकावलं. त्या दिवसापासून मेटकाफ हे नाव त्याने त्या चौकशीतून हद्दपार केलं.

बायको हिल्डा दर ऑगस्टात त्याच्याबरोबर जायची. तिला मोरकॅमला समुद्रावर जायचं असायचं. "समुद्र काय पळून जातोय?" हा क्लिफर्डचा दर वर्षीचा जबाब. मग ती विणकाम घेऊन दप्तरखान्याच्या बाकावर बसायची, डब्यातले सँडविच दुपारी त्याला बाहेर नेऊन द्यायची. स्वभावाने गरीब बाई. एकोणऐंशी साली हिवाळ्यात गेली. मोरकॅम राहिलंच.

त्याआधीच मॅरियनने नवरा निवडला होता, आणि निवडून निवडून कोण, तर अ‍ॅलन मेटकाफ. हार्कडेलच्या मेंढपाळाचा मुलगा, कीथलीच्या बस डेपोत मिस्त्री. माणूस सोन्यासारखा, पण क्लिफर्डला ते सोनं कधी दिसलं नाही. लग्नाच्या जेवणात अ‍ॅलनचे वडील टॉम अगदी समोर बसले होते. क्लिफर्ड त्यांच्याशी हवामानावर दोन वाक्यं बोलला आणि उरलेला वेळ मटणाकडे बघत बसला.

ब्याऐंशीच्या वसंतात, मॅरियन चाळिशीला टेकल्यावर, तिला मुलगा झाला. कुणाला आशाच उरली नव्हती. क्लिफर्ड नातवाला बघायला गेला, दोन मिनिटं पाळण्यात बघितलं आणि म्हणाला, "याला रेव्हनस्लॅक लावा."

रविवारचं जेवण चाललं होतं. अ‍ॅलनने काटा खाली ठेवला. "बाबा, पोरगं माझं आहे. माझं नाव चांगलं आहे की."

"चांगलं आहे, म्हणूनच गल्लोगल्ली आहे. जावईबापू, फोनच्या यादीत तुमची अकरा पानं आहेत. एक कमी झाला तर तुम्हाला कळणारसुद्धा नाही. माझा हा एकच आहे."

"बाबा, पुरे," मॅरियन म्हणाली.

"पुरे कसं? आठशे वर्षांचं नाव आहे. यांच्या लोकांनी आमचं घर घेतलं, आता नावही मरू द्यायचं?"

अ‍ॅलन सहसा चिडत नसे. त्या दिवशी चिडला. "सात वर्षं ऐकतोय हे मी. आठशे वर्षं, आठशे वर्षं. कागदावर एक तरी माणूस दाखवलात कधी? बारशाच्या आत रेव्हनस्लॅक घरचा एक रेव्हनस्लॅक कागदावर दाखवा, मी स्वतः पाद्रीसाहेबांना सांगतो मुलाचं आडनाव तेच लिहा म्हणून. नाही दाखवलात तर मेटकाफ, आणि हा विषय या टेबलावर परत नको."

"बोलून गेलास हं," क्लिफर्ड म्हणाला.

चर्चमधलं बारसं पाच आठवड्यांवर होतं. पहिले तीन आठवडे क्लिफर्डने कसे काढले ते शेजाऱ्यांना विचारा. दारं आपटत होती, रेडिओ बंद होता. लंडनला पत्रं गेली, उत्तरं आली, सगळ्यांत तेच: सापडत नाही, क्षमस्व. 'र'चा खण आणखी तीनदा बघून झाला. पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी त्याला वाटलं, पडक्या घराच्या दारावरच्या दगडात कुणी नाव कोरलं असेल, पहिल्या वेळी शेवाळाखाली दिसलं नसेल. तारेचा ब्रश पिशवीत घालून तो हार्कडेलला गेला, दोन तास दगड घासला. दगड स्वच्छ झाला, नाव काही निघालं नाही. उतरताना बस चुकली. पुढची अडीच तासांनी. आणि वाटेवर टॉम मेटकाफच्या अंगणात मेंढ्यांची लोकर कातरायचं काम चाललेलं.

"काय वो व्याही," टॉमने लांबूनच हाक घातली, "भूत बघितलं का काय? या, च्या घ्या."

नाही म्हणायला जागा नव्हती. क्लिफर्ड भिंतीला टेकून बसला. केक आणि चीज हातात आलं. अंगणात दहा-बारा माणसं वाकून कातरत होती, आणि सारखी एकमेकांना हाका. "ए गिलहेड, ती लंगडी इकडं ढकल." "लोहाउस, तुझी कात्री बोथट झाली का तू?" "बँक्स, लेका, मेंढी कातरतोयस का तिची हजामत?"

क्लिफर्डला बोलायचं नव्हतं, पण राहवेना. "ही कुठली माणसं? ही आडनावं कीथलीत नाहीत."

टॉम हसला. "आडनावं कुठली वो, घरं हायती ती. माणसं समदी मेटकाफ. ह्या अंगणात आज अकरा मेटकाफ उभे हायती. मेटकाफ म्हणून हाक मारली तर अकरा माना वळतील आन् मेंढ्या जातील डोंगरावर. म्हणून जो तो आपल्या घराच्या नावानं. मी हितं गिलफूट. कागदावर काय ते मेटकाफ."

क्लिफर्डने कप भिंतीवर ठेवला. "आणि वर, रेव्हनस्लॅकमध्ये?"

"ती पण आमचीच. मेटकाफ. शेवटचा म्हातारा माझ्या आज्याच्या लहानपणी वारला."

"त्यांच्याआधी. घर आमचं होतं तेव्हा."

"तुमचं?" टॉमने कातरलेली मेंढी सोडून दिली आणि कंबर सरळ केली. "व्याही, तितं मेटकाफांच्या आधी निस्ते कावळे हुते. रेव्हनस्लॅक आडनावाचं माणूस ह्या खोऱ्यात कधी जन्मलंच न्हाई. जलमंल कसं? घरात ऱ्हाणाऱ्याला कागदावर आपल्याच घराचं आडनाव कोण लावील? घर सोडून खाली गेलं, की खालची माणसं म्हणत असतील, हा रेव्हनस्लॅकचा. गिरणीत धा मेटकाफ, मंग वळखायचं कसं? तुमचा म्हातारा असाच कुणीतरी खाली गेलेला असल."

"चौदा वर्षं," क्लिफर्डचा आवाज चिरकला, "चौदा वर्षं मी मरमर मरतोय, आणि तुला हे ठाऊक होतं?"

"ठाऊक म्हंजी काय, समद्यांस्नी ठाऊक हाय. तुम्ही इचारलं कवा? लग्नात पुढ्यात बसलो हुतो की. तुम्ही म्हनला, गारठा लई हाय. मी म्हनलो, व्हय." टॉमने दुसरी मेंढी ओढली. "काखंत कळसा आन् गावाला वळसा."

मंगळवारी दप्तरखाना उघडायच्या आधीच क्लिफर्ड पायरीवर उभा होता. "मेटकाफचे खण," तो म्हणाला, मिस पिकर्सगिलच्या डोळ्यांना डोळा न देता. त्यांनी चष्मा नीट केला आणि चारही खण आणून ठेवले.

दहा मिनिटं लागली. चौदा वर्षं आणि दहा मिनिटं. 'अँथनी, जॉन मेटकाफ राहणार रेव्हनस्लॅक यांचा मुलगा, बाप्तिस्मा मे १७७१.' चिठ्ठीच्या खाली बारीक अक्षरात लिहिलं होतं: गावच्या दाखल्यांचं बाडही पाहावं. मिस पिकर्सगिलने आतून एक तपकिरी पाकीट आणलं. त्या काळी माणूस पोटासाठी दुसऱ्या गावी गेला, तर उद्या त्याच्यावर भीक मागायची पाळी आली तरी त्याला आम्ही परत घेऊ, असा दाखला गावाला लिहून द्यावा लागे. १७९१चा दाखला. 'अँथनी मेटकाफ, आमच्या गावचा, कीथलीच्या गिरणीत कामास जातो. तिथे त्यास अँथनी रेव्हनस्लॅक म्हणतात. तो आमचाच आहे.' खाली गावपंचांच्या दोन सह्या आणि सही न येणाऱ्या एकाची फुली.

क्लिफर्डने ते तीनदा वाचलं. आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. ज्यांना त्याने घुसखोर म्हटलं होतं ते त्याचेच आजे-पणजे निघाले, आणि जगात एकुलतं म्हणून मिरवलेलं नाव म्हणजे गिरणीच्या मुकादमाने सोयीसाठी मारलेली हाक. अकरा पानांच्या गर्दीतला तो आणखी एक. त्याला रडू येत नव्हतं, कुणाला तरी बदडून काढावंसं वाटत होतं.

"सही करा," मिस पिकर्सगिल म्हणाल्या. "बाड पाहिलं की पाकिटातल्या कार्डावर सही आणि तारीख लागते."

कार्डावर याआधी एकच सही होती. निळ्या शाईत, गोल, शाळकरी वळणाची. हिल्डा रेव्हनस्लॅक, ९ ऑगस्ट १९७१.

त्याने कार्ड उजेडात धरलं. मग म्हणाला, "हे काय आहे?"

"त्या वर्षी खूप वेळ बसून होत्या त्या," मिस पिकर्सगिल हळू आवाजात म्हणाल्या. "तुम्ही 'र'चा खण घेऊन बसला होतात. म्हणाल्या, रिकामी बसलेच आहे तर मेटकाफ बघते, हे बघणार नाहीत. तासाभरात सापडलं त्यांना. मी म्हटलं, सांगा ना मिस्टरांना. त्या म्हणाल्या, आधी अंदाज घेते. पुढच्या वर्षी मी विचारलं तर म्हणाल्या, नको, त्यांना नाही सोसायचं. तुम्हीही बोलू नका. मी शब्द दिला होता हो."

अंदाज घेते. क्लिफर्डला ती परतीची बस आठवली. हिल्डा खिडकीकडे बघत म्हणाली होती, "क्लिफ, समज, आपण मेटकाफच निघालो तर?" आणि तो सगळ्या बसला ऐकू जाईल असा ओरडला होता, की त्यापेक्षा मी बिनआडनावाचा मरेन. दोन दिवस तिच्याशी बोलला नव्हता, जेवलाही नव्हता. त्यानंतर तिने विषय काढला नाही. आणखी आठ उन्हाळे ती त्या बाकावर येऊन बसली, सगळं ठाऊक असताना, स्वेटर विणत.

घरी आल्यावर तो रिकाम्या स्वयंपाकघरात तिच्यावर ओरडला. का नाही सांगितलंस? कान धरून का नाही सांगितलंस? मूर्ख बाई, आठ वेळा मोरकॅमला जाऊन आलो असतो. मग त्याच्या लक्षात आलं की आपण भांडतोय ते नेहमीसारखंच, तिला बोलू न देता, आणि तो गप्प झाला.

दाखल्याची नक्कल त्याने विकत आणली होती. बारशाच्या आदल्या दिवशी ती टेबलावर पसरून तो चाळा करत बसला. एक घडी अशी पडत होती, की 'मेटकाफ' आत दडायचं आणि 'अँथनी रेव्हनस्लॅक' एवढंच वर राहायचं. अ‍ॅलन भला माणूस, उलगडून बघणार नाही. पैज जिंकली, नाव जगलं. टॉमलाही गप्प बसवता येईल, त्याच्याकडे कुठे कागद आहे? क्लिफर्डने ती घडी घातली, नखाने दाबली, कोटाच्या खिशात ठेवली.

रविवारी चर्चमध्ये पोराच्या डोक्यावर पाणी पडलं, पोर किंचाळलं, थॉमस क्लिफर्ड हे नाव ठेवून झालं. मग घरची माणसं वहीत नोंद करायला मागच्या खोलीत गेली. पाद्रीसाहेब टोपण काढून लेखणी घेऊन बसले. अ‍ॅलन आणि मॅरियन टेबलाशी उभे राहिले, टॉम दाराशी, नव्या बुटांत अवघडून.

"आडनाव?" पाद्रीसाहेबांनी विचारलं. त्यांच्या कानावर गोष्ट गेली होती, म्हणून ते उत्तराची वाट बघत थांबले.

क्लिफर्डचा हात खिशात गेला. तेवढ्यात अ‍ॅलन म्हणाला, "रेव्हनस्लॅक लिहा."

मॅरियनने नवऱ्याकडे बघितलं. अ‍ॅलनने खांदे उडवले आणि दाराशी उभ्या वडिलांकडे मान हलवली. "तात्यांनी सांगितलं मला, बाबांनी काय शोधून काढलं असेल ते. असू दे. चौदा वर्षं घातली या माणसाने. आमची अकरा पानं आहेत, एक कमी झाला तर कळणार नाही, हे खरंच आहे."

क्लिफर्डने आयुष्यभर मागितलं ते समोर वाढून ठेवलं होतं, घडी न उघडता. त्याला फक्त गप्प राहायचं होतं. आणि त्याच्या मनात आलं, की घरात एक माणूस असाच गप्प राहिला होता, त्याची किंमत कोणी भरली.

त्याने कागद काढून टेबलावर उलगडला, तळव्याने घडी मोडून सपाट केला. "मेटकाफ लिहा," तो म्हणाला. "हे वाचा हवं तर. आम्ही मेटकाफच आहोत. माझ्या बायकोला अकरा वर्षांपूर्वी सापडलं होतं हे. मला सांगायची तिची छाती झाली नाही, असा मी नवरा."

मॅरियनने कागद ओढून घेतला आणि वाचता वाचता तोंडावर हात ठेवला. "आईला?" एवढंच म्हणाली.

"हो. तिला. सही आहे तिची." क्लिफर्डने तिच्याकडे बघितलं नाही. पाद्रीसाहेब 'मेटकाफ' लिहू लागले, तशी त्याने वहीवर मान वाकवली. "आणि राहण्याचं ठिकाण पुरतं लिहा. नुसतं कीथली नको. घर नंबर, गल्ली, आईचं माहेरचं नाव, सगळं. शाई कमी असेल तर माझं पेन घ्या."

"रकाना एवढासाच आहे, मिस्टर रेव्हनस्लॅक."

"मग बारीक लिहा, पण वाचता येईल असं लिहा," तो करवादला. "एखादा गाढव आयुष्य घालवतो हो यात, आणि बायको बसून राहते बाकावर."